परक्या राजासाठी प्रार्थना

रविवारच्या मिस्सेत प्रवचन आटोपते, विश्वासांगीकार होतो आणि विनवण्यांना आरंभ होतो. पोपमहोदयांसाठी, बिशपांसाठी, आजाऱ्यांसाठी, पावसापाण्यासाठी. आणि त्यांतच एक विनवणी असते ती देशाच्या राज्यकर्त्यांसाठी. ती वाचली जाते, आम्ही सारे ठरलेले उत्तर देतो आणि पुढच्या विनवणीकडे वळतो. ज्याला आम्ही मत दिले नाही, ज्याच्या कारभारावर कालच ओटीवर बसून तोंडसुख घेतले, त्याच्यासाठी आज आपण देवाजवळ नेमके काय मागितले, हा विचार क्वचितच मनाला शिवतो.

ही विनवणी आमच्यापासून सुरू झालेली नाही. तिचे मूळ सुमारे २६०० वर्षांपूर्वीच्या एका पत्रात आहे. ते मूळ ज्यांनी प्रथम जपले, त्या यहुदी समाजाने राजे बदलले, राज्ये बुडाली, स्वतःचे मंदिर जळाले तरी राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना सोडली नाही. मात्र त्या प्रार्थनेचे शब्द त्यांनी वेळोवेळी बदलले, आणि आजही ते बदलत आहेत. तो इतिहास चाळताना एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. सत्तेसाठी प्रार्थना करणे म्हणजे सत्तेपुढे वाकणे, की सत्तेवर देवाचा अंकुश मागणे?

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमच्या राजासह तेथील सरदार, कारागीर व याजक यांना कैद करून नेले. हनन्या नावाचा एक संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांच्या आत सारे परत येईल. यिर्मयाने मात्र त्या निर्वासितांना पत्र लिहून उलटेच सांगितले. घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा. आणि ज्या नगरात तुम्हांला बंदी करून नेले आहे त्या नगराचे कल्याण चिंता, त्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा, कारण तुमचे कल्याण त्याच्याच कल्याणात गुंतलेले आहे. यिर्मयाच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात हा उपदेश आहे. तो वाचताना एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यिर्मयाने राजासाठी प्रार्थना करावयास सांगितले नाही, नगरासाठी सांगितले. ज्या नगरात शेजारी राहतात, बाजार भरतो, मुले खेळतात, ते नगर.

नगराकडून राजाकडे ही प्रार्थना कशी वळली, हे आमच्या कॅथलिक शास्त्रसंग्रहातील बारूखच्या ग्रंथात दिसते. त्याच्या पहिल्याच अध्यायात बाबेलमधील निर्वासित यरुशलेमला पैसा पाठवितात व विनंती करतात, की नबुखद्नेस्सर व त्याचा पुत्र बेलशस्सर यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करा, म्हणजे त्यांच्या छायेत आम्ही जगू. ज्याने मंदिर लुटले त्याच्याच छायेसाठी ही याचना! पुढे इराणी अमलात राजा दारयावेश याने मंदिराच्या खर्चाची सोय करून दिली आणि मोबदल्यात आपल्या व आपल्या पुत्रांच्या आयुष्यासाठी प्रार्थना मागितली, असे एज्राच्या ग्रंथात नमूद आहे. आता प्रार्थना हा एक व्यवहार झाला होता. राजाने संरक्षण द्यावे, प्रजेने आशीर्वाद मागावा.

रोमन काळात हा व्यवहार मंदिराच्या वेदीवर रोज दोन वेळा चाले. कैसर व रोमन जनता यांच्यासाठी तेथे यज्ञ होत, असे इतिहासकार योसेफस सांगतो. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळावयाचा नाही, पण सम्राटासाठी खऱ्या देवापुढे अर्पण करावयाचे, ही त्यांनी काढलेली वाट होती. इ. स. ६६ मध्ये मंदिराचा तरुण अधिकारी एलाजार याने परकीयांची अर्पणे नाकारावयास लावली आणि कैसरासाठीचा यज्ञ थांबला. रोमशी युद्धाचा पाया तेथेच घातला गेला, असे योसेफसचे मत आहे. चार वर्षांनी, इ. स. ७० मध्ये, मंदिर भस्मसात झाले. त्या अखेरच्या दिवसांतील एक याजक, रब्बी हनिना, यांचे वचन मिश्नात जपलेले आहे. राज्याच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचा धाक नसेल तर माणसे एकमेकांना जिवंत गिळतील, असा त्याचा आशय. हे राजाचे गुणगान नव्हे. यादवीत यरुशलेमचे रस्ते ज्याने पाहिले असतील अशा माणसाचे ते अनुभवाचे बोल वाटतात.

त्याच शतकात आमच्याही पूर्वजांनी ही प्रार्थना उचलली. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करण्याचा उपदेश आहे, आणि रोमच्या संत क्लेमेंट यांनी शतकाच्या अखेरीस करिंथकरांना धाडलेल्या पत्रात राज्यकर्त्यांसाठी दीर्घ प्रार्थना आहे. तेव्हाचे सम्राट ख्रिस्ती नव्हते. यहुदी आणि ख्रिस्ती दोघेही परक्या राजासाठी प्रार्थना करीत होते.

पुढे राजे ख्रिस्ती झाले आणि चित्र पालटले. आमच्यासाठी राजा आपला झाला. यहुदींसाठी तो परकाच राहिला. येथून पुढचा इतिहास आम्ही मान खाली घालूनच वाचावा असा आहे. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स व माइन्झ येथील यहुदी वस्त्या कापून काढल्या. स्पायरच्या बिशपांसारख्या काहींनी आश्रय दिला, पण इतरत्र असे बळ अपुरे पडले. त्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ रचलेली ‘आव हाराखमीम’, म्हणजे ‘दयेचा पिता’, ही प्रार्थना आजही अनेक सभास्थानांत शब्बाथाला म्हटली जाते. १२९० मध्ये इंग्लंडच्या राजाने यहुदींना देशाबाहेर घालविले. १४९२ मध्ये स्पेनच्या फर्नांडो व इसाबेल या राजदंपतीने तेच केले. त्यांना ‘कॅथलिक राजे’ ही पदवी पोपनीच दिली होती.

स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान, इटली व पुढे हॉलंड येथे विखुरले. त्यांच्यामार्फत जी प्रार्थना यहुदी जगात सर्वत्र पसरली, तिला तिच्या आरंभीच्या शब्दांवरून ‘हानोतेन तेशुआ’ म्हणतात. राजांना तारण देणाऱ्या परमेश्वराने आमच्या राजाला आशीर्वाद द्यावा, त्याचे रक्षण करावे आणि त्याच्या व त्याच्या मंत्र्यांच्या मनात आमच्याविषयी दया उत्पन्न करावी, असा तिचा रोख आहे. वरवर पाहता ही गरीब बिचाऱ्या प्रजेची आर्जवे. परंतु अभ्यासकांनी तिच्यातील एक खोच दाखवून दिली आहे. तिचा आरंभ १४४व्या स्तोत्रातील दहाव्या ओवीवर बेतलेला आहे. त्या स्तोत्रातील लगतची अकरावी ओवी, जी प्रार्थनेत उच्चारली जात नाही, ती असत्य बोलणाऱ्या परक्यांच्या हातून सोडविण्याची विनवणी आहे. यशयातून घेतलेले शब्दही ज्या अध्यायातले आहेत, तेथे बाबेलच्या पतनाचे भाकीत आहे. ज्याला स्तोत्रे तोंडपाठ आहेत त्याला न बोललेली ओवीही ऐकू येई. राजाच्या दरबाऱ्याला मात्र फक्त आशीर्वाद ऐकू येत. दुर्बळाची प्रार्थना अशी दोन मजली असते.

हीच प्रार्थना त्यांच्या निष्ठेचा दाखलाही ठरे. १६५५ मध्ये रब्बी मनश्शे बेन इस्राएल यांनी यहुदींना इंग्लंडमध्ये परत येऊ द्यावे म्हणून क्रॉमवेलपुढे जे निवेदन छापून ठेवले, त्यात तिचे भाषांतर दिलेले होते. १६६३ मध्ये लंडनच्या सभास्थानात डोकावलेल्या सॅम्युएल पेपिस या रोजनिशीकारानेही तिची नोंद केली आहे. प्रार्थना इब्री भाषेत, राजाचे नाव तेवढे पोर्तुगीज उच्चारात! इंग्लंडमध्ये तिची परंपरा अजून टिकून आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ निवर्तल्या, तेव्हा सभास्थानांतील प्रार्थनेत राणीच्या जागी राजा चार्ल्सचे नाव आले.

ते आमच्या राजांसाठी प्रार्थना करीत होते, तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी कशी प्रार्थना करीत होतो? शुभ शुक्रवारच्या उपासनेत यहुदींसाठी विनवणी होती. पण तिच्यात त्यांना लावलेले लॅटिन विशेषण ‘अविश्वासू’ आणि ‘विश्वासघातकी’ अशा दोन्ही अर्थांनी कानांवर पडे. इतर सर्वांसाठीच्या विनवण्यांना आम्ही गुडघे टेकीत असू. या एका विनवणीला टेकीत नसू. बारावे पायस यांनी १९५५ मध्ये गुडघे टेकणे पुन्हा सुरू केले, तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये ते विशेषण काढून टाकले, १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदीद्वेषाचा निषेध केला आणि १९७० च्या मिस्साग्रंथात विनवणी नव्याने लिहिली गेली. एक शब्द काढावयास शतके लागली. प्रार्थनेतले शब्द निरुपद्रवी असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत राजा उरला नाही. मग राजासाठीची प्रार्थना कोणासाठी म्हणावयाची? १७८९ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंडच्या यहुदी मंडळीने देशासाठी नवी इब्री प्रार्थना रचली आणि तिच्या ओळींच्या आद्याक्षरांत वॉशिंग्टनचे नाव गुंफले. पुढच्याच वर्षी न्यूपोर्टच्या यहुदी मंडळीला धाडलेल्या उत्तरात वॉशिंग्टनने लिहिले, की धर्मस्वातंत्र्य ही एका वर्गाने दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. मेहेरबानी नसेल तर दयेची याचनाही नको, हे ओघानेच आले. तरी जुने शब्द लवकर सुटत नाहीत. १९२७ मध्ये लुई गिन्झबर्ग या पंडिताने रचलेल्या प्रार्थनेत हा बदल पुरता उतरला. तिच्यात याचना आहे ती देशासाठी, तेथे राहणाऱ्या सर्वांसाठी. राज्यकर्त्यांना न्यायाची जाण मिळावी आणि माणसांच्या मनांतून द्वेष व मत्सर उपटून टाकला जावा म्हणून. ‘राजाने आमच्यावर दया करावी’ येथून ‘आम्हां सर्वांकडून न्याय घडावा’ येथपर्यंत ही मजल होती. यिर्मयाचे नगर प्रार्थनेत परत आले होते.

युरोपात मात्र ही प्रार्थना अग्निपरीक्षेला उतरायची होती. १९१४ च्या महायुद्धात जर्मन यहुदी कैसरसाठी, रशियन यहुदी झारसाठी आणि इंग्रज यहुदी आपल्या राजासाठी प्रार्थना करीत खंदकांत एकमेकांसमोर उभे राहिले. ज्या जर्मनीसाठी त्यांनी रक्त सांडले, तिनेच सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले. तीनच आठवड्यांनी प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, आला. जर्मन यहुदींचे प्रमुख रब्बी लिओ बेक यांनी त्या संध्याकाळी सर्व सभास्थानांत वाचण्यासाठी एक प्रार्थना लिहून धाडली. देवापुढे आम्ही आपली पापे कबूल करतो. परंतु तितक्याच निर्धाराने आमच्याविरुद्ध व आमच्या धर्माविरुद्ध रचलेल्या खोट्याचा आम्ही धिक्कार करतो, असा तिचा आशय होता. गेस्टापोने ती वाचण्यावर बंदी घातली आणि बेक यांना काही काळ अटकेत टाकले. जिच्या हाती तोफा आणि तुरुंग होते ती सत्ता एका कागदावरील प्रार्थनेला भ्याली. पुढे १९४३ मध्ये बेक यांची रवानगी टेरेझीनच्या छळछावणीत झाली. तेथून ते जिवंत परतले आणि १९५६ मध्ये लंडनमध्ये निवर्तले. न बोललेल्या ओवीच्या आडोशाने चारशे वर्षे चाललेली प्रार्थना येथे आडोसा सोडून बोलली.

१९४८ मध्ये इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि सुमारे दोन हजार वर्षांनी यहुदींना स्वतःच्या राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्याची वेळ आली. त्याच वर्षी प्रमुख रब्बी हर्झोग व उझिएल यांनी नव्या राज्यासाठी प्रार्थना प्रसृत केली. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले लेखक शमुएल योसेफ अगनोन यांचाही हात तिला लागला होता, असे संशोधक सांगतात. नेत्यांना, मंत्र्यांना व सल्लागारांना देवाने आपला प्रकाश व सत्य द्यावे, अशी तिच्यात विनवणी आहे. आणि हे राज्य म्हणजे लोकांच्या मुक्तीचा पहिला अंकुर, अशी श्रद्धाही आहे.

परक्या राजासाठी प्रार्थना करणे सोपे होते, असे आता वाटावे, इतके हे अवघड ठरले. कित्येक कर्मठ सभास्थानांनी ती स्वीकारलीच नाही. मशीहावाचून झालेल्या राज्याला मुक्तीचा अंकुर कसे म्हणावे, असा त्यांचा आक्षेप. २००५ मध्ये सरकारने गाझामधील वसाहती उठविल्या, तेव्हा वसाहतींच्या बाजूच्या काही मंडळ्यांनी ही प्रार्थना थांबविली किंवा मंत्र्यांसाठीचे शब्द गाळले. २०२३ च्या आरंभी न्यायसंस्थेचे अधिकार कमी करण्याच्या प्रयत्नांविरुद्ध लाखो लोक रस्त्यांवर उतरले, तेव्हा दुसऱ्या बाजूचे लोक याच प्रार्थनेचे शब्द पारखून पाहू लागले. अमेरिकेतही २०१६ च्या निवडणुकीनंतर अनेक सभास्थानांत वाद झाला. राष्ट्राध्यक्षासाठीचे जुने शब्द तसेच म्हणावेत की बदलावेत? काहींनी नव्या प्रार्थना रचल्या. काहींनी म्हटले, आवडत्या राज्यकर्त्यासाठी कोणीही प्रार्थना करील. नावडत्यासाठी करावयाची तीच खरी. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. बेक यांची आठवण मात्र पहिल्यांच्या बाजूने उभी राहते. आम्हांस वाटते, दोन्ही पक्षांना जोडणारा धागा यिर्मयाच्या पत्रातच आहे. राज्यकर्ता नावडता असला तरी नगर आपलेच असते.

संकटकाळी ही प्रार्थना आणखी एका कसोटीला लागते. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपल्या मुंबईने भोगली आहे. त्या हल्ल्यात १६६ माणसे दगावली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिवका व आणखी चौघे मारले गेले. त्यानंतर फोर्टमधील केनेसेथ एलियाहू सभास्थानात शोकप्रार्थना झाली, तेव्हा त्या दांपत्याचा दोन वर्षांचा मुलगा आईला हाका मारून रडत होता. ती हाक जगभर ऐकली गेली. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थना बेने इस्राएल बांधवांसाठी मराठीत आणल्या होत्या. त्या परंपरेच्या शहरात त्या दिवशी कोणत्याही भाषेतले शब्द थिटे पडले असावेत. २०१८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या सभास्थानात शब्बाथाच्या सकाळी ११ जण गोळ्यांना बळी पडले. २०२० च्या करोनाच्या साथीत सभास्थाने बंद झाली आणि डॉक्टर, परिचारिका व रुग्ण यांच्यासाठी नव्या प्रार्थना घराघरांत म्हटल्या गेल्या.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली व २५१ जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतर जगभरच्या सभास्थानांत बंदिवानांसाठीची ‘आखेनू’ ही प्राचीन प्रार्थना पुन्हा घुमू लागली. एरवी ती सोमवारी व गुरुवारी तोराच्या वाचनानंतर म्हणतात. ओलिसांची नावे एकेक करून घेतली जात, आणि प्रथेप्रमाणे प्रत्येकाच्या नावापुढे आईचे नाव. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिवंत असलेले अखेरचे ओलीस घरी परतले. मधल्या दोन वर्षांत गाझामध्ये हजारोंच्या संख्येने माणसे मेली. त्यांत मुले व स्त्रिया फार होत्या. त्यांच्यासाठी सभास्थानात प्रार्थना करावी की नाही, यावरून मंडळ्यांत फूट पडली. काहींनी दोन्हीकडच्या निरपराधांसाठी शब्द जोडले. काहींना ते स्वतःच्या मृतांशी द्रोह केल्यासारखे वाटले. त्याआधीच्या दशकात रब्बी तामार एलाद-अपलबाउम आणि शेखा इब्तिसाम महामीद या यहुदी व मुस्लिम स्त्रियांनी मिळून मातांची एक प्रार्थना रचली होती. युद्ध पेटलेले असता तिचे शब्द पुन्हा ओठांवर येणे ही साधी गोष्ट नव्हे.

या वादाच्या संदर्भात मिश्नातील एक नियम आम्हांला फार मोलाचा वाटतो. एखादा माणूस प्रवासाहून परतत आहे. वेशीजवळ येताच नगरातून त्याला आक्रोश ऐकू येतो. ‘देवा, हा आक्रोश माझ्या घरातला नसो’, असे तो म्हणाला, तर त्याची प्रार्थना व्यर्थ आहे, असे मिश्ना सांगते. कारण जे घडावयाचे ते घडून गेलेले आहे. आम्ही त्यात आणखी एक कारण वाचतो. माझ्या घरात नसो याचा अर्थ शेजाऱ्याच्या घरात असो. यिर्मयाने नगरासाठी प्रार्थना करावयास सांगितले, घरापुरती नव्हे.

२६ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यरुशलेममधील पश्चिम भिंतीशी गेले, आणि दगडांच्या फटीत त्यांनी एक कागद ठेवला. अब्राहामाच्या वंशजांना ज्यांनी छळले त्यांच्या वतीने तो क्षमायाचनेचा कागद होता. ज्यांनी आमच्या राजांसाठी इतकी शतके प्रार्थना केली, त्यांच्या भिंतीत आमचीही एक प्रार्थना अखेर जाऊन बसली.

आपल्या देशात आपण संख्येने थोडे आहोत. थोडक्यांच्या मनात दोन मोह नेहमी असतात, सत्तेला खूष करणारी प्रार्थना करण्याचा आणि चिडून प्रार्थनाच सोडण्याचा. यहुदींच्या इतिहासात दोन्ही मोह आहेत, आणि त्या दोहोंतून काढलेली वाटही आहे. येत्या रविवारी राज्यकर्त्यांसाठीची विनवणी वाचली जाईल, तेव्हा ठरलेले उत्तर देण्याआधी क्षणभर थांबून आपल्या नगरातला आक्रोश कोणाच्या घरातून येत आहे, तो ऐकावा. मग उत्तर द्यावे.